साडू पळतात

माझे साडू पळतात, असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न येतो, ‘कुणाबरोबर?’ मग खुलासा करावा लागतो. ते एकटेच पळतात, पहाटे साडेचारला, आणि ज्या फाटकातून निघाले त्याच फाटकातून परत येतात. हे ऐकून लोकांची निराशा होते.

दोन वर्षांत त्यांचं वजन बारा किलोंनी उतरलं. आम्हा नातेवाइकांना फार आनंद झाला. म्हणजे प्रत्येकाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ‘शुगर तपासलीत का?’ सासूबाईंनी तर त्यांच्या गुडघ्यांची आशाच सोडली आहे. ‘पळून पळून वाट्या झिजतात हो,’ असं त्या दर भेटीत बजावतात, भिंतीला हात टेकून उठता उठता. त्या स्वतः बस पकडायलाही कधी पळालेल्या नाहीत.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर साडू घामाने निथळत पार्किंगमध्ये स्कूटरींभोवती गोल गोल पळताहेत आणि वॉचमन फाटक उघडं धरून उभा. मनगटावरच्या घड्याळात २०.७ किलोमीटर झाले होते. २१ झाल्याशिवाय वर जायचं नव्हतं. ‘साहेबांचं काही हरवलंय का?’ वॉचमनने हळूच विचारलं. ‘तीनशे मीटर,’ मी म्हणालो. तो बिचारा बाकाखाली वाकून बघू लागला.

शर्यत जवळ आली की ते पळणं कमी करतात. त्याला टेपरिंग म्हणतात. परीक्षा तोंडावर आली की अभ्यास आवरता घ्यायचा, हे मी शाळेत कुणी न शिकवता करत होतो. मग शेवटचे दोन दिवस भात, बटाटे, रताळी, साबुदाणा यथेच्छ. हे कार्ब लोडिंग. भात वगळला तर आमच्याकडे यालाच एकादशी म्हणतात.

पावसाळा सरता सरता ते साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळून आले. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या अलीकडूनच मागे फिरायचं. एवढं चढून फुलं न बघता आले, म्हणून मेव्हणी दोन दिवस बोलत नव्हती. कंदी पेढ्यांऐवजी गळ्यात मेडल. ‘कितवा नंबर आला?’ मी विचारलं. पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच मेडल मिळतं, हे तेव्हा कळलं. वर मी ‘मॅरेथॉन’ म्हटलं याचाही राग. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ही अर्धी. ते वरचे १९५ मीटर कुठून आले? तर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून सुरुवात आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर शेवट, असा मार्ग आखला होता. तेच माप पुढे कायम झालं. म्हणजे व्हीआयपींच्या सोयीने पब्लिकची पायपीट. पळण्यातलं मला एवढं एकच पटकन समजलं.

तर वाचकहो, पहाटे रस्त्यात कुणी धापा टाकत पळताना दिसलं, तर गाडी थांबवून ‘बसा मागे, सोडतो’ असं म्हणू नका. सिंहगड रस्त्यावर मी म्हणालो होतो. त्यांचा अठरावा किलोमीटर चालू होता. दिवाळीचा फराळ त्यांनी यंदा मुलाच्या हाती पाठवला.