माननीय विकास आराखडा साहेबांस

मा. विकास आराखडा साहेब,
मुक्काम : नगररचनेचे कपाट, वरचा कप्पा.

सा. न. वि. वि.

१९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना आपली स्थापना सक्तीची केली, १९६६ च्या कायद्याने आपणांस आजचा थाट दिला. तेव्हापासून आमचे जुने नंदुरबार आपल्या छत्रछायेत, म्हणजे आपल्या रेघेखाली, सुखाने नांदत आहे.

ती रेघ आमच्या ओट्यावरून नेलीत, हा केवढा सन्मान! घर विकायला काढले की गिऱ्हाईक आधी झोन दाखला मागते, आणि दाखला वाचला की चहा न घेताच उठते. तेवढीच साखर वाचली.

रस्तारुंदीबद्दल तर शब्द अपुरे आहेत. ज्याने नव्या बांधकामाची परवानगी मागितली तो मागे सरला, शेजारी जुन्या माडीत राहिला तो जागच्या जागी. गल्ली आता पडक्या दातांच्या बोळक्यासारखी दिसते. मागे सरलेल्या जागेत रस्ता काही आला नाही. मोटारसायकली आल्या, पाण्याच्या जारची हातगाडी आली आणि गटार रुंद झाली. रुंदीकरण झाले नाही असे कोण म्हणेल?

१९४२ च्या ९ सप्टेंबरला इंग्रजांविरुद्धच्या मोर्चात शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी माणिक चौकात पोलिसांच्या गोळ्या झेलून पडले. तो मोर्चा याच जुन्या गावातून निघाला होता. रस्ते अरुंद असल्याची तक्रार तेव्हा कोणी केली नसावी.

पुढे १ जुलै १९९८ ला आम्ही जिल्हा झालो आणि २०११ च्या जनगणनेत लाखाच्या वर गेलो. आपल्या भावंडांचीही ये-जा वाढली. लहान-मध्यम शहरांची १९७९ ची योजना, २००५ ची यूआयडीएसएसएमटी (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला नगरसेवक करावे), मग नगरोत्थान, मग अमृत, मग अमृत २.०. या मंडळींच्या कृपेने आमच्या दारात आधी डांबर पडले, त्यावर काँक्रीट, मग पाइपासाठी खड्डा, मग खड्ड्यावर पुन्हा काँक्रीट. रस्ता इतका वर आला की उंबरठा खाली गेला. पूर्वी घरात जायला दोन पायऱ्या चढायचो, आता एक उतरतो. पावसाचे पाणीही तीच उतरते. आधी वहाणा तरंगतात, मग तांदळाची कोठी ओली होते. घरबसल्या नळजोडणी, तीही विनामीटर!

गावाबाहेर पथारीवर मिरची वाळत असते. आभाळ भरून आले की मजूर तासाभरात ढीग करून ताडपत्री ओढतात. अडाणी घाई! आपले पाहा. आरक्षित जागा ताब्यात घ्यायला कायदाच आपणांस दहा वर्षे देतो. त्यानंतर मालकाने कलम १२७ ची नोटीस द्यायची आणि आणखी २४ महिने वाट पाहायची. मग कुठे आरक्षण व्यपगत होते. तोवर बहुधा मालकच व्यपगत झालेला असतो, त्यामुळे वारसनोंदीपासून पुन्हा आरंभ. कामाला लागलेल्या वकिलांचे आशीर्वाद आपल्याला मिळतातच.

दर वीस वर्षांनी आपण नवा अवतार घेता, आणि हरकतींसाठी आम्हाला चांगले तीस दिवस देता. पुढच्या अवतारासाठी माझी हरकत आत्ताच सोबत जोडतो. नवी लिहिली नाही. वडिलांची होती तीच, नाव बदलून झेरॉक्स काढली आहे. तेव्हाची पोच अजून यायची आहे. दोन्ही एकदमच पाठवलीत तर टपालखर्च वाचेल.

आपला कृपाभिलाषी,
एक बाधित मिळकतधारक