गिळलेला गुडमार

मधुमेही माणसाइतका स्वतःच्या संयमावर खूश असलेला प्राणी दुसरा नाही, आणि हे मी त्या जमातीचा एक मानकरी म्हणूनच लिहितो आहे. आम्ही चहा बिनसाखरेचा पितो, आणि ही बातमी समोरच्याला कळल्याखेरीज कप तोंडाला लावत नाही. शिवाय शुगर आम्हाला ‘आहे’ अशी कधीच नसते, ती ‘बॉर्डरवर’ असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी आणि खरोखरच बॉर्डरवरचे १३.६ कोटी, एवढी फौज बॉर्डरवर असताना देशाने चिंता कसली करायची? या फौजेचं लाडकं शस्त्र म्हणजे गुडमार, आपल्याकडचा बेडकीचा पाला. त्याच्याबद्दल माझं म्हणणं एवढंच की पाला प्रामाणिक आहे आणि लबाडी सगळी आमची. तो जे काम हमखास करतो ते आम्हाला नको असतं, आणि ज्याची खात्री देता येत नाही तेच आम्ही पैसे मोजून घरी आणतो.

गुडमार ही रानात झुडपांच्या आधाराने वर चढणारी वेल. पानं समोरासमोर, लवदार. फुलं बारीक, पिवळट. शेंग शिंगाच्या आकाराची, म्हणून संस्कृतात मेषशृंगी. पान चावलं तर कुठल्याही पाल्यासारखं कडवट-तुरट लागतं. चोथा थुंकायचा आणि चिमूटभर साखर जिभेवर टाकायची. खडे दाताखाली करकरतात, विरघळतात, पण गोड म्हणून काही लागत नाही; वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. पेढ्याचा नुसता तुपकट खवा उरतो, जिलबीचं आंबूस तळलेलं पीठ. साखरेच्या चहात फक्त पावडरीचा कडवटपणा. मीठ मात्र खारटच राहतं आणि चिंच आंबटच. एजवर्थ नावाच्या वनस्पतीप्रेमी गोऱ्या अधिकाऱ्याच्या चहाची चव या पानाने घालवली, तर ती हकीकत १८४७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपर्यंत पोचली. १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी त्यातलं जिम्नेमिक आम्ल वेगळं काढलं. पुढे उलगडलं की त्याचे रेणू जिभेवरच्या गोडाच्या ग्राहींना चिकटून बसतात. अर्धा-पाऊण तास. मग सुटतात, आणि जीभ पुन्हा पहिल्यासारखी लाचार.

असला पाला पुण्याजवळच्या आमच्या मांजरी बुद्रुकमध्ये कुणी चारचौघांत चावावा का, हा नाजूक प्रश्न आहे. गावाचं मीठ खाल्लं म्हणावं तर इथे सगळा कारभार साखरेचा. सहकारी साखर कारखानदारीने १९७५ साली ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ म्हणून काढलेली संस्था पुढे वसंतदादा पाटलांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ती इथलीच. उसात साखर जास्त कशी भरेल, कारखान्यात उतारा कसा वाढेल, याचाच तिथे ध्यास. ते पुरेसं नव्हतं म्हणून की काय, १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही मांजरीलाच आलं. द्राक्षातली गोडी मोजायची तर मणी चिरडतात, रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतात, झाकण मिटतात, उजेडाकडे तोंड करून डोळा लावतात आणि ब्रिक्स वाचतात. आकडा विशीच्या पुढे गेला की बागायतदाराचा चेहरा खुलतो. आमचंही तसंच: बोट टोचतात, एक थेंब पट्टीवर घेतात, आकडा वाचतात, फक्त तो वर गेला की चेहरे उतरतात. उसाचा उतारा बारा टक्के आला तर चेअरमनचा सत्कार होतो, आणि आमच्या रक्तातल्या साखरेचं एचबीएवनसी बारा टक्के आलं तर डॉक्टर चष्मा काढून आमच्याकडे बघत राहतात. एकाच गावात एकाच कर्तबगारीला इतका वेगळा न्याय! त्या द्राक्ष केंद्राने काढलेल्या रसाच्या वाणाचं नाव तर ‘मांजरी मेडिका’, आणि नावात औषधाचा वास आला की आमच्यासारख्याला तेवढं निमित्त पुरतं. मांजरी गोटा वांगं बिचारं पथ्याला चालतं, म्हणूनच बहुधा आम्हाला त्याचं कौतुक नाही.

तर मुद्दा असा, की गोडाचा मोह तोडायला या पानाइतका रोखठोक उपाय नाही. श्रीखंडाआधी चावलं की त्या पंगतीपुरतं श्रीखंड संपलं. पण आम्ही गुडमार घेतो कशातून? कॅप्सूलमधून. म्हणजे ज्या एका जागी त्याचा परिणाम ठरलेला, ती जागा चुकवून आम्ही तो परभारे पोटात उतरवतो आणि मोकळ्या जिभेने जिलबीकडे वळतो: ‘गुडमार चालू आहे, आता हरकत नाही.’ पोटात तो काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून जास्त काळ दिला. शुगर उतरली, पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. उत्साह वाटावा असंच आहे. पण अर्क कुणाला द्यायचा नि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि २२ जणांवरून कोट्यवधींचं औषध ठरत नाही. पाल्याचा भरवसा सुटला, तरी ‘मी तर सडपातळ आहे’ हा आमच्या गर्वाचा शेवटचा बुरूज उरतोच; तोही पुण्यानेच पाडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२. स्वतःचीच चरबी जगापुढे मांडण्याचा हा मोठेपणा आमच्यात नाही. आम्ही शर्ट सैल शिवून घेतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे हजारो वर्षांचं ज्ञान आहे. आहेच. पण ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनच बनत नाही, ती जानेवारी १९२२ पर्यंत जगत नव्हती. त्या महिन्यात टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं. तोवर तिकडची मुलं गेली, आणि ज्यांच्या बांधावर ही वेल होती त्यांचीही गेली. म्हणून जो कुणी आईबापांना इन्सुलिन थांबवून चूर्ण द्यायला सांगतो, त्याच्यावर मला विनोद करता येत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे, तरी ती भिंतीभिंतीवर दिसते, हा संताप वेगळाच. दुसरा आक्षेप, डॉक्टरांना झाडपाल्याचं वावडं असतं. मग मेटफॉर्मिन कुठून आलं? गॅलेगा या युरोपातल्या रानझाडातल्या द्रव्याचा माग काढतच ते हाती लागलं, आणि १९५७ मध्ये झाँ स्टर्न यांनी मधुमेहावरच्या वापराचे निष्कर्ष मांडले. झाडाला कुणी नाही म्हटलं नाही, मोजून घेतलं एवढंच. ‘साइड इफेक्ट नाहीत’ हे तर सगळ्यात गोड वाक्य. पाला खरोखर शुगर उतरवत असेल, तर गोळीच्या जोडीने नको तितकीही उतरवेल. दरदरून घाम फुटेल, हात थरथरतील. यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. गोडाची ओढ जिभेवर थोडीच असते? बारशाला सगळे पेढा खात असताना कोपऱ्यात बशीत काकडी घेऊन बसलेल्या आजींना पान चावायला सांगण्याचा धीर मला व्हायचा नाही. त्यांना अर्धा पेढा द्यावा, आणि तो त्यांच्या दिवसाच्या हिशेबात धरावा. बाकीच्यांनी, म्हणजे आम्ही फुशारक्या मारणाऱ्यांनी, गुडमार घ्यायचाच तर पंगतीत, गोड वाढायच्या आधी, ओळखीच्या वैद्याने दाखवलेलं पान चावून घ्यावा. कॅप्सूल किंवा चूर्ण चालू असेल तर पुढच्या तपासणीला ती बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी वा इन्सुलिन सोडू नका.