साहेब रोमच्या साइटवर

सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता युरोप बघायला जात नाही, तपासायला जातो. आमच्या ग्रुप टूरमध्ये असे एक होते. बसमध्ये चढलं की सगळ्यांचे काका-काकू होतात. हे मात्र साहेबच राहिले. टूर मॅनेजर पोरगा पहिल्या दिवशी त्यांना ‘काका’ म्हणाला, तेव्हा त्यांना ऐकूच आलं नाही.

कलोसियमपुढे आम्ही फोटो काढत होतो, साहेब भिंतीतली भोकं मोजत होते. दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी उपटून नेल्या, त्याची ती भोकं, असं गाइडनं सांगताच त्यांचा चेहरा उजळला. “साइटवर वॉचमन नसला की हेच होतं!” इथलेच दगड नेऊन शहरात दुसरीकडे महाल उठवले, हे कळल्यावर तर रोम त्यांना आपलंच वाटू लागलं.

व्हिया आप्पियावर मात्र ते जरा खट्टू झाले. रस्त्याचं काम इ.स.पू. 312 मध्ये सुरू झालेलं. साहेबांनी दगडावर टाच आपटून पाहिली. “सोलिंग बरं आहे,” एवढंच म्हणाले. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “मग पावसाळ्यानंतर हे लोक टेंडर कशाचं काढायचे हो?”

पँथिऑनला पोचलो तेव्हा धो धो पाऊस. दर्शनी भागावर मोठ्या लॅटिन अक्षरांत अग्रिपानं हे बांधल्याचं कोरलंय. आज उभी असलेली इमारत मात्र सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण इ.स. 126 ची. त्यानं जुन्याचं नाव तसंच ठेवलं. “म्हणजे काम याचं आणि कोनशिला त्याची? आणि तीही राजीखुशीनं?” साहेबांनी तीनदा विचारलं. कोनशिलेवरच्या नावांचा क्रम ठरेना म्हणून अडलेली उद्घाटनं त्यांनी नोकरीभर पाहिली होती. हा प्रकार त्यांच्या अनुभवात बसेना.

आत गेलो. डोक्यावर 43 मीटरचा घुमट, आणि त्याच्या मधोमध जवळपास 9 मीटरचं भोक. त्यातून पाऊस सरळ जमिनीवर. सगळं जग तोंडं वर करून स्तब्ध उभं होतं. साहेबांना मात्र टूर सुरू झाल्यापासून एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

“स्लॅब गळतोय!”

गाइडनं समजावलं. भोक मुद्दाम ठेवलंय, उजेडासाठी. घुमटात लोखंडाची सळई नाही. काँक्रीट तळाशी 6 मीटर जाड, वर पातळ होत गेलेलं. माथ्याला तर हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड मिसळलेला. आणि पाणी जायला फरशीला उतार, शिवाय बावीस छिद्रं.

‘उतार’ म्हटल्यावर साहेब थबकले. पाण्याची एक धार धरून, कंबरेत वाकून, माणसांच्या पायांतून वाट काढत निघाले. धार एका छिद्रापाशी पोचली आणि गुपचूप आत गेली. कुठे तुंबलं नाही की पसरलं नाही. साहेब उकिडवे बसले, छिद्रात बोट घालून पाहिलं. सुरक्षारक्षक इटालियनमध्ये ओरडला. साहेबांनी हातानंच त्याला ‘थांब’ केलं. साइटवर मजुराला करतात तसं.

एवढ्यात काकू छत्री मिटत शेजारी आल्या.

“अहो, आपल्या गच्चीला चौथ्यांदा वॉटरप्रूफिंग करण्यापेक्षा मधोमध असं एक भोकच पाडून घेऊ या का?”

साहेबांना ऐकूच आलं नाही.