विनामंजुरी श्वासोच्छ्वास

आमच्या नगरातील पदपथांवर सांप्रत जी अपूर्व टापटीप नांदत आहे, तिच्याविषयी कृतज्ञता व्यक्त न करणे हे, उभी हयात सरकारी दफ्तरात सरळ रेघा आखण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास अशोभनीय होईल. पूर्वी या पदपथांवर माती नावाचा एक पदार्थ असे. पावसाळ्यात तिचा चिखल होई, उन्हाळ्यात धूळ होई, आणि या दोन अवस्थांच्या दरम्यान झाडे तिच्यावर आपला उदरनिर्वाह करीत. आता ती दाबून टाकून, वर कच पसरून, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसविण्यात आले असून, ते बुंध्याच्या इतके निकट नेले आहेत की, जेथे गोल खोडाचे चौकोनी ब्लॉकाशी जुळले नाही, तेथे कंत्राटदाराने सिमेंटचे घमेले रिते करून ती फट कायमची मिटविली आहे. अंदाजपत्रकाबाहेरचे एवढे औदार्य मी अन्य कोणत्याही सार्वजनिक कामात पाहिलेले नाही.

झाडे मात्र कृतघ्न निघाली. माझ्या खिडकीसमोरचा सोनमोहोर, ज्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा वैशाखात आमच्या पायरीपर्यंत येई, तो शेंड्याकडून वाळू लागला. वनस्पतिशास्त्राचे जाणकार सांगतात की, अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांच्या थरातच असतात, ती पर्णसंभाराच्या घेरापलीकडेही पसरतात, आणि त्यांना श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू लागतो. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळीचाच असून तीत हवा व पाणी वस्तीस असतात, आणि रोलरखाली ती पोकळी मोडली की दोघांचेही बिऱ्हाड एकदमच उठते. परंतु आपण सर्वांनी शाळेत झाडाचे चित्र काढताना जमिनीखाली फांद्यांच्या प्रतिबिंबासारखे खोल, अगदी वहीच्या कडेपर्यंत गेलेले मूळ काढलेले आहे. रस्ते खात्याच्या अभियंत्यांनीही तेच काढले असणार, आणि जे एवढे खोल आहे त्यास वरच्या सहा इंचांशी काय कर्तव्य, असा निष्कर्ष त्यातून काढला असल्यास दोष चित्रकलेच्या मास्तरांचा आहे.

हवेच्या शोधात ब्लॉकांच्या लगत सरकणारे मूळ पुढे जाड होते आणि ब्लॉक वर उचलते. हे अतिक्रमण होय! ते छाटले जाते. मग केबलवाले एका बाजूने, पावसाळी गटारवाले दुसऱ्या बाजूने आपापला हिस्सा छाटून नेतात. आणि वळवाच्या पहिल्या वादळात तो वृक्ष एखाद्या मोटारीवर आडवा झाला, म्हणजे पंचनाम्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ असा निर्विकार शेरा पडतो.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. शहरी झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम 1975 सालचा आहे. त्यात झाड तोडणे या संज्ञेत जाळणे व कापणे तर येतेच, पण कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. मात्र ही इजा कुऱ्हाडीनेच व्हावी, असा एक अलिखित जाबता दफ्तरात रूढ आहे. गळा दाबल्यास ती इजा नव्हे, ते सुशोभीकरण. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी असेही त्या अधिनियमात आहे, आणि गणनेत उभे असलेले झाड जिवंतच धरावे लागते, कारण मोजणारा वर पाहतो. दिल्लीत 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला. एक मीटर! आमच्या पदपथावर पानपट्टीला केवळ वहिवाटीच्या जोरावर याहून अधिक जागा मिळते.

स्टॉकहोममध्ये म्हणे पदपथाखाली मोठमोठे दगड रचून त्यांच्या सांदींत माती व बायोचार नावाचा कोळसा भरतात, म्हणजे वरचा भार दगडांनी पेलावा आणि मुळांनी सांदींतून सुखाने नांदावे. थंड देशातील लोकांना जमिनीखालच्या, म्हणजे उद्घाटनास सर्वथैव निरुपयोगी अशा कामावर पैसा खर्च करण्याची हौस असते. आमच्याकडे 5 जूनला रोप लागते, त्याभोवती लोखंडी पिंजरा बसतो, पिंजऱ्यावर नाव येते, आणि रोप गेले तरी नाव टिकते.

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या खेड्यातल्या. त्या एके दिवशी मला म्हणाल्या, “भाऊ, आळ्याशिवाय झाड असतं का हो कुठं?” मी त्यांना विहित नमुन्यात अर्ज करण्याचा सल्ला दिला. त्यांनी पहार घेतली. पहाटे पाचाच्या सुमारास खोडाभोवतीचे ब्लॉक उखडून, सिमेंट फोडून, त्यांनी हातभर रुंदीचे आळे केले, दबलेली माती खुरप्याने हलक्या हाताने मोकळी केली, वर वाळका पाला पसरला, आणि त्या दिवसापासून तांदळाचे धुवण तेथे नेमाने पडू लागले. चार महिन्यांनी सोनमोहोराच्या एका फांदीस कोवळी पालवी फुटली, आणि त्याच सप्ताहात काकूंना नोटीस आली: सार्वजनिक मालमत्तेची हानी, पेव्हर ब्लॉक नग अकरा, खुलाशास मुदत सात दिवस.

उत्तराचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला आहे. नगांविषयी तक्रार नाही. ते अकराही काकूंच्या जिन्याखाली रुजवातीस हजर आहेत. अडचण नोटिशीच्या तळाशी आहे. स्थळपाहणीस आलेल्या अंमलदाराने, भर पावसात सारा रस्ता तुंबलेला असता केवळ या झाडाभोवतीचे पाणी पाहता पाहता नाहीसे झालेले पाहून, स्वहस्ते असा शेरा मारला आहे की, सदर प्रकरणी कोठेतरी पाणी मुरत असल्याचा दाट संशय येतो. तेवढा आरोप काकूंच्या वतीने मी बिनशर्त कबूल करणार आहे.