निकाल 100 टक्के

प्राथमिक वर्गांत क्लिकर आले, ही अभिनंदनीय बाब आहे. ‘47 अधिक 38 किती?’ असे विचारताच मुले अ, ब, क, ड यांपैकी एक बटण दाबतात आणि पडद्यावर रंगीत स्तंभ उभे राहतात. हातचा एक कुठे गेला, हे कोणी कोणाला विचारत नाही. पाटीवरची खाडाखोडही वाचली. चार पर्यायांमुळे काहीही न शिकवता सरासरी 25 टक्के उत्तरे बरोबर येतात. पर्याय दोन केले की 50. तेव्हा पुढील सत्रापासून एकच पर्याय ठेवावा, अशी आमची नम्र शिफारस आहे. (गुरुजी तोवर मतदार याद्या तपासायला मोकळे.)

परवा एका मुलीने बटण न दाबता हात वर केला. तिला शंका होती.

यंत्राने तिची नोंद ‘गैरहजर’ अशी केली.