चरकाठचे कारभारी

धाराशिव जिल्ह्यात राहत्या घरास एखादी खोली वाढवावयाची म्हटले, की मोजणी, मुहूर्त आणि मुरूम या तिन्हींची जुळवाजुळव यजमानास स्वतः करावी लागते. परंतु चौथी जी अपरिहार्य सामग्री, ती मात्र आमंत्रण, मेहनताना अथवा दस्तऐवज यांपैकी कशाचीही अपेक्षा न धरता, फक्कीची पहिली रेघ जमिनीवर उमटताच आपण होऊन हजर होते. या सामग्रीस आळीत आप्पा म्हणतात. हैदराबाद संस्थानच्या अमलात आजोबा तहसिलीत पेशकार होते, एवढीच त्यांची स्थापत्यातील सनद; पण ते चराच्या काठी उभे राहिले, की मालक, मिस्त्री आणि मजूर या तिघांचेही अधिकार त्याच क्षणी खालसा होतात.

बालाघाटाच्या उतारांवर सपाट जागा मिळणे तसे दुर्मीळच. एकाच खोलीच्या पूर्वेस हातभर खाली मुरूम लागावा आणि पश्चिमेस कमरेइतके उतरूनही काळी माती संपू नये, हा येथील नित्याचा प्रकार. आणि ही माती पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळणारी असल्याने, तिच्यावर भिंत उभारणे म्हणजे श्वासोच्छ्वास करणाऱ्या प्राण्याच्या पाठीवर बिऱ्हाड थाटणे होय. म्हणून जाणता मिस्त्री चराचा तळ उताराबरोबर तिरका न नेता पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतो, प्रत्येक पायरी पाणसळीत ठेवतो, आणि जुन्या भिंतीलगत तर तिचा पाया उघडा पडू नये अशा बेताने, तुकड्यातुकड्यानेच खोदतो. आप्पांना हे सर्व मान्य असते. फक्त ते आणखी एक फूट खाली व्हावे, इतकेच त्यांचे म्हणणे. वर आलेले ढेकूळ ते तळहातावर घेतात, चुरडतात, हुंगतात आणि निकाल देतात, "कच्चा आहे मिस्त्री. अजून फूटभर जाऊ द्या." हा निकाल दोन फुटांवर लागतो, चार फुटांवर लागतो, आणि पहारीतून ठिणगी उडावी असा काळा पाषाण लागला तरी कायम राहतो. मिस्त्री "व्हय, आप्पा" म्हणून तंबाखू मळू लागतो. काम रोजंदारीवर असल्यास त्यास हा सल्ला पटतो. उक्ते घेतलेले असल्यास पटत नाही.

मालकाने क्षीण हरकत घेतलीच, तर आप्पा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट काढतात. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे त्या पहाटे भूकंपाने ढिगाऱ्याखाली गेली. या दाखल्यापुढे कोणाचे तोंड चालत नाही, आणि चालूही नये. तथापि अदबीने नमूद केले पाहिजे, की त्या पहाटे माणसे गेली ती मुख्यत्वे उथळ पायांमुळे नव्हेत. ती गेली मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे, ज्यांच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे, आणि त्या भिंतींवर मातीचे थर चढवीत जड केलेल्या माळवदांमुळे. म्हणूनच पुढे जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या पातळ्यांवर सळयांचे काँक्रीट पट्टे फिरवण्याचा आग्रह धरला गेला. परंतु पट्टा ही कोणासही पाहता येणारी चीज. पाया एकदा बुजला की त्याची शहानिशा होत नाही, आणि जिची तपासणी पुढे कधीच व्हावयाची नाही, अशीच विद्या आप्पांस प्रिय. पट्ट्याच्या दिवशी, सळई पुरती पडली की नाही हे पाहणारा माणूस जेव्हा खरोखर हवा असतो, तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या चराकाठी रुजू झालेले असतात.

ज्या वाचकांना घर वाढवावयाचे आहे, त्यांनी आप्पांस हटकू नये. पाणसळीची नळी धरावयास दोन माणसे लागतात; तिचे एक टोक त्यांच्या हाती द्यावे, पाणी ठरेपर्यंत बोलू अथवा हलू नये अशी विनंती करावी, आणि तेवढ्या अवधीत चराच्या तळाशी काँक्रीटचा पहिला थर टाकून घ्यावा.