आधी घर बंद करा

शेजारच्या भाऊंना मुलाने अमेरिकेतून रेडॉन मोजायचा डबा पाठवला आहे. आत नुसता कोळसा. जमिनीतल्या युरेनियमचं रेडियम, रेडियमचा रेडॉन, आणि तो फरशीच्या भेगांतून घरात. रंग नाही, वास नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात नंबर मात्र धूम्रपानाच्या खालोखाल. घनमीटरला 100 बेक्वेरेलच्या वर नको, हे भाऊंनी मला बिडी ओढत समजावून सांगितलं.

सोबतच्या कागदावर पहिलीच सूचना: चाचणीच्या 12 तास आधीपासून आणि चाचणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात. चाचणी किमान 2 दिवसांची. महिना मे. गाव जवाहरनगर, जिल्हा भंडारा. नवतपा तोंडावर.

‘‘काऊन भाऊ, खिडकी लावून राहिले?’’ मी विचारलं.

‘‘लागंल तं लावीन ना बावा.’’

इथल्या जुन्या घराची खिडकी ही लावायची वस्तूच नव्हे. एका झडपेत कूलर बसवलेला. तो काढायचा तर आधी लोखंडी स्टँड, मग चौकटीला मारलेली फळी, मग फटीत कोंबलेली गेल्या तीन निवडणुकांची वर्तमानपत्रं काढावी लागतात. दुसरी झडप पावसाळ्यात फुगली ती फुगलीच. कडीला भोक सापडत नाही, कारण भोक चौकटीत होतं आणि चौकट वाळवीने खाल्ली. मागचं दार दगड लावून बंद होतं, पण खालून मांजर येते. भाऊंनी गोणपाट लावलं, चिकटपट्टी लावली, घरच्यांनी डोक्याला हात लावला. त्यात कोळशाला दमट हवा चालत नाही, म्हणजे कूलरही बंद. दुपारी पारा 45 वर गेला तेव्हा भाऊ अंगणात कडुनिंबाखाली आणि डबा एकटा आत, पंख्याखाली नको म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर. शिवाय चाचणी झाली की डबा लगेच प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, कारण रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. इथून अमेरिकेला! आमच्याकडे नागपूरहून निघालेलं पार्सल भंडाऱ्यात मुक्काम करतं.

आता खरी चीड सांगतो. रेडॉन साचतो कोंडलेल्या घरात. वाऱ्याने भोकं पाडलेल्या आमच्या घरांत त्याला बसायला जागा कुठे? साचायची भीती आहे ती ज्यांनी एसी लावला, फटीला एम-सील भरलं, खिडकीला काच ठोकली आणि ताजी हवा पाहुण्यासारखी दारातूनच परत पाठवली, त्यांच्या तळमजल्यावर. त्यांच्याकडे डबा ठेवा! घर आयतं बंद आहे, चिकटपट्टीचाही खर्च नाही. पण ते मोजणार नाहीत. त्यांचं मोजणं वीजबिलापाशी संपतं. आणि त्यांच्या यंत्राचं ते बाहेरचं धूड कुठे टांगलंय? माझ्या कूलरच्या बरोबर समोर. त्यांच्या खोलीतली सगळी गरमी माझी टाटी ओढते, मी रात्रभर पाणी भरतो, आणि सकाळी तेच गृहस्थ विचारतात, ‘‘तुमच्याकडे फार गरम होते ना हो?’’

भाऊंचा निकाल आला: ग्राह्य नाही, घर पुरेसं बंद नव्हतं. मुलगा म्हणतोय, दुसरा डबा पाठवतो, फक्त या वेळी तळघरात ठेवा.